तुला रडू कुठं आलं?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सिनेमा सुटल्यावर चार मित्र चहाला थांबतात आणि बोलायला लागतात. समीक्षा छापून येते, तिची कात्रणं निघतात. या गप्पा मात्र तिथंच विरतात. आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. त्यातही एका ठरावीक बैठकीबद्दल. सिनेमानं डोळ्यांत पाणी आणलेलं असतं, तो एखाद्या पुस्तकावरून काढलेला असतो, आणि बसलेल्यांपैकी एकदोघांनी ते पुस्तक वाचलेलं असतं.

अशा बैठकीचा सुरुवातीचा वेळ बहुधा वाया जातो. पुस्तक वाचलेला म्हणतो, ‘पुस्तकात असं नाहीच मुळी.’ मग काय गाळलं, काय घातलं, कोणतं पात्र कसं दिसायला हवं होतं, याचा हिशेब सुरू होतो. पुस्तक न वाचलेला हळूहळू गप्प होतो. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी तो मनापासून रडलेला असतो आणि आता त्याला वाटायला लागतं, आपलं रडणं जरा हलक्या प्रतीचं होतं की काय. हे मला फार खटकतं. पुस्तकं वाचणाऱ्यांनी आपल्या वाचनाचा असा धाक घालू नये. मीही पुस्तकांच्याच बाजूचा माणूस आहे, म्हणून हे अधिक जोरानं सांगतो.

पण बैठक रेंगाळली, दुसरा चहा आला, की कोणीतरी विचारतं, ‘ते सगळं राहू दे, तुला रडू कुठं आलं?’ इथून खरी गोष्ट सुरू होते. ‘कसा वाटला’ या प्रश्नाला माणूस मत देतो. ‘रडू कुठं आलं’ याचं उत्तर देताना त्याला स्वतःकडे बघावं लागतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा जोडून वाचायला यापेक्षा चांगला प्रश्न मला सापडलेला नाही, आणि तो मित्रांच्या बैठकीतच विचारता येतो.

‘श्यामची आई’पासून सुरुवात करू. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, म्हणजे पाच दिवसांत. १९३५ मध्ये ते छापून आलं. आपण सगळ्यांनी ते लहानपणी वाचलं किंवा आपल्याला कोणी वाचून दाखवलं, आणि म्हणूनच त्याची बांधणी आपण विसरून गेलो आहोत. ती बांधणी आठवून बघा. प्रकरणांना नाव ‘प्रकरण’ असं नाही, ‘रात्र’ असं आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. श्याम मोठा झालेला आहे, आश्रमात राहतो आहे. संध्याकाळची प्रार्थना झाली की मित्र गोळा होतात आणि तो त्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. गोविंदा आहे, राम आहे, राजा आहे, भिका आहे. ते मध्येच प्रश्न विचारतात. एखाद्या रात्री गोष्ट संपल्यावर कोणाला बोलवत नाही. गावातली माणसंही ऐकायला येऊन बसतात.

म्हणजे मराठीतलं सर्वांत जास्त रडवणारं पुस्तक हे मित्रांच्या बैठकीतलं बोलणं आहे. आई जिवंत असतानाचा श्याम ते सांगत नाही. आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, जिचं शेवटचं दर्शनही घडलं नाही त्या आईबद्दल, एक मोठा माणूस आपल्या सोबत्यांना सांगतो आहे. एकेचाळिसाव्या रात्रीचं नाव ‘भस्ममय मूर्ती’ आहे. मुलगा पोचेपर्यंत उरली ती राख. हे ज्याला माहीत आहे तोच पहिल्या रात्री वडाच्या फेऱ्यांची गोष्ट सांगायला बसला आहे, हे ध्यानात घेऊन पुस्तक पुन्हा वाचा. साध्यासुध्या, हसऱ्या प्रसंगांतसुद्धा मग वेगळाच स्वर ऐकू येतो.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा काढला. साने गुरुजी त्याआधीच, ११ जून १९५० रोजी गेले होते. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला. संगीत वसंत देसाईंचं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. वनमालाबाई त्याआधी ‘सिकंदर’सारख्या झगमगत्या हिंदी सिनेमाच्या नायिका होत्या. त्यांना कोकणातल्या गरीब घरातली आई म्हणून उभं करण्यात अत्र्यांचं धाडस होतं. आज सत्तर वर्षांनंतरही कित्येक घरांत पुस्तक उघडलं की आईला चेहरा वनमालाबाईंचाच येतो. पुस्तकाचं यात काही गेलं का? थोडं गेलं. प्रत्येकाला आपल्या आईचा चेहरा तिथं बसवता येत होता, ती मोकळीक कमी झाली. पण ज्यांच्या घरात पुस्तक येण्याची सोय नव्हती, ज्यांना अक्षर येत नव्हतं, अशा बायांनी तंबूत बसून ती आई पाहिली. त्या बाजूचं पारडं मला जड वाटतं.

आता ‘रडू कुठं आलं?’ हा प्रश्न या पुस्तकाला आणि सिनेमाला लावून बघा. सिनेमा पाहिलेले बहुतेक जण दोन जागा सांगतात. एक, ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणं. शब्द अत्र्यांचे, आवाज आशाबाईंचा. दुसरी, पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारते ती. मारणाऱ्या आईचा चेहरा समोर दिसतो, आणि मार कोणाला जास्त लागतो आहे हे कळायला शब्द लागत नाहीत. सिनेमाचं हेच बळ आहे. मारणं आणि माया एकाच चेहऱ्यावर एकाच क्षणी दाखवता येतात. लेखकाला ती एकामागून एक सांगावी लागतात.

पण पुस्तक वाचलेल्यांना विचारलं की जागा पांगतात. अठराव्या रात्रीची गोष्ट घ्या, ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. वडील जेवायला बसतात, भाजी तोंडात घालतात आणि काहीही न बोलता, उलट कौतुक करत, जेवून उठतात. मुलंही त्यांचं बघून बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. एवढीच गोष्ट. हे पडद्यावर आणणं किती अवघड आहे, विचार करा. मीठ नसणं कॅमेऱ्याला दिसत नाही. घास घेतल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर काहीही उमटू न देणं, यातच तर त्या प्रसंगाचा सगळा गोडवा आहे, आणि काहीही न उमटलेला चेहरा बघून प्रेक्षकाला काय कळणार? वाचकाला मात्र गोष्टीच्या नावापासूनच मीठ नाही हे ठाऊक असतं. तो श्यामच्या शेजारी पाटावर बसून, आईचं ताट वाढून होईपर्यंत जीव मुठीत धरून थांबतो. आमच्या ओळखीच्या एक बाई, जन्मभर स्वयंपाकघरात राबलेल्या, म्हणत, आईच्या आजारपणाच्या रात्री वाचताना मी सावरते, या भाजीच्या गोष्टीला नाही सावरत. त्यांच्या भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा काय झालं असेल, हे आम्ही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

इथं मला एक प्रसंग सांगायचा आहे. आमच्या बैठकीत एक मित्र असे. मोजकं बोलणारा, हिशेबाच्या कामातला माणूस. घरच्या गोष्टी त्यानं कधी काढल्या नाहीत. एकदा ‘श्यामची आई’ जुन्या प्रतीवरून दाखवला होता आणि आम्ही नेहमीसारखे चहाला बसलो होतो. ज्यानंत्यानं आपापली जागा सांगितली. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मला सिनेमात कुठं रडू आलं नाही, पुस्तकात येतं. तेही कर्जाच्या रात्रींना. बत्तिसाव्या रात्रीचं नाव गुरुजींनी ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असं ठेवलं आहे. सावकाराचा वसुलीचा माणूस ओटीवर येऊन बसतो आणि वाटेल ते अभद्र बोलतो. तेव्हा एरवी आवाज न चढवणारी आई पुढं येते आणि त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. पुढं सदतिसाव्या रात्री घराची अब्रू गावासमोर जाते. आमचा मित्र त्या वसुलीच्या माणसाचं बसणं सांगायला लागला. पाय कसे पसरले होते, तंबाखू कशी मळत होता, पाणी कसं मागितलं. थोड्या वेळानं आमच्या ध्यानात आलं की यातलं काही पुस्तकात नाही. तो श्यामच्या ओटीबद्दल बोलत नव्हता. त्याच्या वडिलांच्या ओटीबद्दल बोलत होता. आम्ही त्याला इतकी वर्षं ओळखत होतो आणि त्याच्या घरावर जप्ती आली होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

कोणी सरळ विचारलं असतं, ‘तुझ्या वडिलांवर कर्ज होतं का रे?’ तर तो उठून गेला असता. श्यामच्या वडिलांबद्दल बोलता बोलता त्याला ते सांगता आलं. रडवणाऱ्या कलाकृतीचा हा उपयोग मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे पुरुषांना रडायला जागा नाही. अंधाऱ्या थिएटरात ती मिळते, आणि नंतरच्या गप्पांत त्या रडण्याचं कारण दुसऱ्याच्या नावावर घालून सांगायची सोय मिळते. तो मित्र आता नाही. त्याच्या घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून मी त्याचं नाव घेत नाही, पण कर्जाच्या त्या रात्री मला त्यानं वाचायला शिकवल्या. त्याआधी मी त्या भरभर उलटत असे.

‘श्यामची आई’वर २०२३ मध्ये पुन्हा सिनेमा झाला, सुजय डहाके यांनी केलेला. तो त्यांनी कृष्णधवल ठेवला आणि स्वतः साने गुरुजींना, त्यांच्या तुरुंगवासाला, गोष्टीत आणलं. ओम भूतकर गुरुजी झाले आहेत. म्हणजे आठवण सांगणारा मोठा माणूस इथं पडद्यावर येतो. मला ही निवड पटली. पुस्तकाच्या बांधणीचा मान त्यात आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. एकाच पुस्तकावर सत्तर वर्षांच्या अंतरानं दोनदा राष्ट्रीय मोहोर उमटली, ही आपल्या वाङ्मयातली दुर्मीळ गोष्ट आहे.

याच डहाक्यांनी त्याआधी मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर सिनेमा केला होता. २००४ ची कादंबरी, २०१२ मध्ये प्रदर्शित झालेला सिनेमा. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि जोशी हे अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात आणि बोलत राहतात. तिथं ते जे बोलतात तेही आपल्या आजच्या विषयात बसतं. या कादंबरीची सगळी मजा जोशीच्या मनातल्या अखंड बडबडीत आहे. तोंडानं तो फारसं बोलत नाही, आणि जिच्याशी बोलायचं तिच्याशी तर नाहीच. सिनेमाला हा मुलगा गप्पच दाखवावा लागतो. त्यामुळे पुस्तक हसवत हसवत शेवटी गळा दाबतं, आणि सिनेमा पहिल्यापासूनच हळवा होतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, टोळी विखुरते, दहावीचं वर्ष समोर उभं राहतं. या सिनेमानंतरच्या गप्पांत मी कधीच कोणाला जोशीबद्दल फार वेळ बोलताना ऐकलं नाही. पाच मिनिटांत प्रत्येक जण आपल्या नववीवर येतो. पन्नाशीचे, साठीचे लोक वर्गातल्या बाकांची रचना सांगतात. कोण कुठं बसायचं, खिडकी कोणत्या बाजूला. चौदाव्या वर्षीचं दुःख मोठ्यांना सांगायची तेव्हा सोय नव्हती, आणि मोठं झाल्यावर ते सांगण्याजोगं वाटत नाही. बोकिलांनी त्याला भाषा दिली, म्हणून ते आता सांगता येतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १९५५ ची कादंबरी. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये सिनेमा केला, प्रामाणिकपणे केला. पण तात्यांचं, म्हणजे माडगूळकरांचं, ते पुस्तक माणूस आतून हलेल आणि तरी रडणार नाही अशा बेतानं लिहिलेलं आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर जे दिसतं ते सांगतो. वाडीनं मिळून तालीम बांधली, औंधचे राजेसाहेब आले, मग दुष्काळ आला आणि वाडी ओस पडली. आवाज कुठंही चढत नाही. सिनेमात माळ दिसतो, मेंढरं दिसतात, माणसं बोलतात. तात्यांनी वाक्यावाक्यांत मोकळी सोडलेली जागा मात्र भरून जाते. ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांनी आधी पुस्तक वाचावं, असं मी या एकाच बाबतीत म्हणेन.

आता मराठीच्या बाहेर जाऊ, कारण या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर बंगालीत आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ १९२९ मध्ये पुस्तकरूपानं आली. तिच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढायचं काम जाहिरात कंपनीतल्या एका तरुण चित्रकाराकडे आलं. तो सत्यजित राय. सिनेमा त्याच्या मनात चित्रांच्या रूपानं आधी तयार झाला, मग वर्षानुवर्षं पैशांअभावी रखडत रखडत १९५५ मध्ये पडद्यावर आला.

अपू आणि दुर्गा, भाऊबहीण. खेड्यातल्या या मुलांना आगगाडी बघायची ओढ आहे. सिनेमातला तो प्रसंग न पाहिलेला चित्रपटरसिक विरळा. काशाच्या गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून दोघं धावतात, दुरून गाडीचा आवाज येतो, काळा धूर आभाळात पसरत जातो. आता पुस्तकात काय आहे? पुस्तकात दुर्गा आगगाडी बघतच नाही. तिची इच्छा राहून जाते आणि ती तापानं मरते. पुढं घरदार सोडून अपू आईबापांबरोबर गाडीत बसतो, तेव्हा त्याला गावाच्या टोकाशी राहिलेली बहीण आठवते. विभूतिभूषणांनी जे दुर्गेला दिलं नाही ते रायनी तिला दिलं, निदान त्या दिशेनं धावायला तरी दिलं.

आमच्या बैठकीत यावर इतका कडाक्याचा वाद झाला आहे की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत. एक पक्ष म्हणे, रायनी पुस्तकाचं काळीजच काढून घेतलं. न पाहिलेली आगगाडी हेच तर दुर्गेचं आयुष्य. दुसरा पक्ष म्हणे, ज्या मुलीला आयुष्यात एकदाच असं मोकळं धावताना पाहिलं, तिचं मरण जास्त लागतं. मी पहिल्या पक्षात होतो. आता मला वाटतं की दोघांना एकाच मुलीसाठी, पण वेगळ्या वेळी रडवायचं होतं. पुस्तकाला वेळ आहे. दुर्गा गेल्यावरही ते चालू राहतं, म्हणून त्याला तिच्या नसण्याला गाडीच्या डब्यात पुन्हा भेटता येतं. सिनेमा कुटुंब बैलगाडीतून गाव सोडतं तिथं संपतो. त्याला दुर्गेचं जे काही द्यायचं ते ती जिवंत असतानाच देणं भाग होतं. फरक कळला की वाद संपतो, आणि दोन्ही कृती अधिक आवडायला लागतात.

आणखी एक जागा. सिनेमात अपू-दुर्गेचा बाप हरिहर पुष्कळ दिवसांनी घरी येतो. मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. दुर्गा गेल्याचं त्याला अजून माहीत नाही. आई सर्वजया ती साडी हातात घेते आणि तिचा बांध फुटतो. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचं तोंड उघडतं, पण त्यांचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा सूर वाजतो. वाद्य दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलं आहे, संगीत रविशंकरांचं. खरा हंबरडा ऐकवला असता तर तो एका बाईचा झाला असता. तो सूर ऐकताना प्रत्येकाला आपल्या घरातलं कोणीतरी ऐकू येतं. मी हा प्रसंग थिएटरात पाहिला तेव्हा शेजारी बसलेले गृहस्थ, माझ्या ओळखीचे नव्हेत, माझा हात धरून बसले होते. दिवे लागल्यावर त्यांनी तो सोडला आणि नमस्कार करून निघून गेले. पुस्तक वाचताना असा हात कोणी धरत नाही. ते एकट्यानं सोसायचं असतं. म्हणूनच पुस्तक वाचलेल्याला नंतर कोणाजवळ तरी बोलण्याची गरज अधिक असते.

फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरच्या ‘तीसरी कसम’बद्दल मी थोडक्यात बोलतो. कवी शैलेंद्रनं सगळी पुंजी घालून तो काढला. १९६६ मध्ये तो आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात शैलेंद्र गेला. शेवट गोड करा, गाडीवान हिरामन आणि नौटंकीतली हीराबाई यांचं मीलन घडवा, असा आग्रह धंद्यातल्या लोकांनी धरला होता. रेणू आणि शैलेंद्र दोघंही हटले नाहीत. सिनेमा तेव्हा चालला नाही, पुढं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मूळ कथेतलं दुःख राखण्यासाठी एका माणसानं केवढी किंमत मोजली, हे हिरामन-हीराबाईच्या ताटातुटीच्या त्या स्टेशनवरच्या शेवटच्या प्रसंगाला रडणाऱ्यानं जाणून घ्यावं.

शेवटी ‘श्वास’. २००४ मध्ये आलेला, संदीप सावंतांचा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा सुवर्णकमळ मिळवून देणारा सिनेमा. ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा लोकांनी वर्गण्या काढल्या, शाळांतल्या मुलांनी पैसे जमवले. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टरांचा आग्रह आहे की हे त्या मुलाला आधी सांगितलं पाहिजे. आजोबांना ते सांगवत नाही. आणि मग एक दिवस आजोबा कोणालाही न कळवता नातवाला घेऊन दवाखान्यातून बाहेर पडतात, त्याला जग दाखवायला. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांना त्या दिवसभरात पाहून महाराष्ट्र रडला.

पण हा सिनेमा ज्या कथेवरून आला ती माधवी घारपुरे यांची आहे, हे त्या रडणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं? मी अनेक ठिकाणी विचारून पाहिलं आहे. दिग्दर्शकाचं नाव येतं, नटांची येतात, लेखिकेचं येत नाही. कादंबरीला निदान कपाटात जाडी असते. कथा कुठल्या तरी अंकात, कुठल्या तरी संग्रहात असते आणि सिनेमा मोठा झाला की ती दिसेनाशी होते. ज्यानं आपल्याला रडवलं त्याच्या मुळाशी जाऊन चार पानं वाचणं, हे मी रसिकाचं कर्तव्य समजतो. कठोर वाटलं तरी चालेल.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते ग्रंथपाल हे कर्तव्य न बोलता करून घेत. गावात सिनेमा लागला की त्याचं मूळ पुस्तक दाराजवळच्या टेबलावर येई. पुस्तक एकच असे आणि मागणारे पुष्कळ, म्हणून ते नावांची यादी करत आणि प्रत्येकाला चार दिवसांची मुदत देत. पुस्तक परत घेताना ते ‘आवडलं का?’ असं विचारत नसत. ‘कुठं थांबलात?’ असं विचारत. उत्तर देणाऱ्याला ते स्टुलावर बसवत आणि मागं रांग लागली तरी त्याचं पूर्ण ऐकून घेत. आज इथं बसलेल्यांपैकी निदान काही जण त्या स्टुलावर बसलेले आहेत. मीही बसलो आहे.

म्हणून या ग्रंथालयाला आणि गावातल्या फिल्म सोसायटीला माझी जाहीर विनंती आहे. वर्षातून चार सिनेमे असे निवडा की ज्यांचं मूळ पुस्तक आपल्या कपाटात आहे. सिनेमाच्या आधी आठवडाभर त्या पुस्तकातलं एक प्रकरण इथं मोठ्यानं वाचून दाखवा, कोणीही येऊन ऐकावं. सिनेमा संपल्यावर भाषण ठेवू नका, पाहुणे बोलावू नका. खुर्च्या गोल मांडा, चहा सांगा आणि लोकांना बोलू द्या. सुरुवात ‘श्वास’पासून करा आणि माधवी घारपुरे यांची कथा शोधून आणून वाचा.

आणि आपणा सर्वांना एक सांगणं. घरात कोणी वडीलधारं असेल, ‘श्यामची आई’ वाचलेलं किंवा पाहिलेलं, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना रडू कुठं आलं होतं ते विचारा. ते पुस्तकातलं आणि सिनेमातलं एकत्र करून सांगतील, मध्येच स्वतःच्या आईचं काही घालतील. त्यांना दुरुस्त करू नका. बोलू द्या.